सावली जमिनीखाली ठरते

मे महिन्यातल्या दुपारी उघड्या वाहनतळावर गाडी घेऊन शिरणारा माणूस दुकानाचा दरवाजा शोधत नाही, झाड शोधतो. दरवाजापासून दोनशे पावलं लांब, कुंपणाच्या कडेला एखादं करंजाचं झाड असतं. त्याची सावली मोजून एका गाडीपुरती, आणि तिथे सकाळीच कोणीतरी गाडी लावून गेलेलं असतं. उरलेले सगळे उन्हात. तासाभराने परत आल्यावर लगेच स्टिअरिंगला हात लावायचा, की चारही दारं उघडून पाच मिनिटं बाहेर थांबायचं, हा प्रश्न आपल्याकडच्या बहुतेक गाडीवाल्यांना पडलेला आहे.

हा चटका किती असतो, याची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी या शहरात संशोधकांनी एकसारख्या गाड्यांच्या जोड्या घेतल्या. जोडीतली एक गाडी उन्हात, दुसरी सावलीत. बाहेरचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या पुढे. तासाभरात उन्हातल्या गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर पोचली, डॅशबोर्ड ६९ अंशांवर, स्टिअरिंग ५३ आणि सीट ५१ अंशांवर. सावलीतल्या गाडीत याच गोष्टी अनुक्रमे ३८, ४८, ४२ आणि ४१ अंश होत्या. डॅशबोर्डचा फरक पाहा, एकवीस अंशांचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढे एक गणितही मांडलं होतं : अशा गाडीत दोन वर्षांचं मूल अडकलं, तर त्याच्या शरीराच्या आतलं तापमान उष्माघाताच्या म्हणजे ४० अंशांच्या पातळीवर जायला किती वेळ लागेल? उन्हात सुमारे एक तास. सावलीत दोन तासांना थोडा कमी.

इथे थांबून एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. सावली आहे म्हणून मुलाला गाडीत बसवून 'पाच मिनिटांत येतो' म्हणणं चालत नाही. काच चार बोटं खाली ठेवल्यानेही फारसं काही होत नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली दाखवून दिलं होतं, की बाहेर २२ अंश असले तरी बंद गाडीतलं तापमान तासाभरात २२ अंशांच्या आसपास वाढतं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. सावली मृत्यू लांबवते, टाळत नाही. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं.

पण गाडीबाहेरच्या माणसांचं काय? पार्किंगवर पावत्या फाडणारा, दुचाकी ओळीत लावून देणारा, दिवसभर तिथेच उभा असलेला सुरक्षारक्षक, फाटकाशी टोपली घेऊन बसलेली बाई, यांना डांबर खालून भाजतं आणि ऊन वरून. त्याच ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. मॅरिकोपा या तिथल्या जिल्ह्यात त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. चक्कर येऊन डांबरावर पडलेल्या आणि तिथेच पडून राहिल्यामुळे भाजलेल्या रुग्णांवर तिथल्या डॉक्टरांना दर उन्हाळ्यात उपचार करावे लागतात. डांबराने भाजणं ही त्यांच्याकडे वेगळी ओळखलेली जखम आहे.

मग वाहनतळावर सावली असावी, असा कायदाच का करू नये? एका शहराने तो चाळीस वर्षांपूर्वी केला. त्याचं पुढे काय झालं, ही गोष्ट आपल्यालाही ऐकण्यासारखी आहे.

अर्धा वाहनतळ सावलीत

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्निया राज्याची राजधानी. मोठ्या खोऱ्यातलं सपाट, गरम गाव. पाऊस वर्षाला साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर, आणि तो जवळजवळ सगळा हिवाळ्यात. मे ते ऑक्टोबर आभाळ कोरडं. १९८३ साली या शहराने नियम केला, की नव्या वाहनतळाच्या फरसबंद भागापैकी निम्मा भाग झाडं लावल्यापासून पंधरा वर्षांत सावलीखाली आला पाहिजे. शेजारच्या डेव्हिस या विद्यापीठाच्या गावातही असाच निम्म्याचा नियम आहे.

नियम लिहिताना हिशेबाची पद्धतही दिली होती, आणि ती कागदावर मोठी नेटकी आहे. कोणतं झाड पंधरा वर्षांत किती घेराचं होईल, याची यादी केलेली. मोठ्या झाडाचा घेर ३५ फूट, म्हणजे सुमारे साडेदहा मीटर. त्याची सावली ८९ चौरस मीटर. त्याखालोखाल ३०, २५ आणि २० फुटांची झाडं. वास्तुरचनाकाराने नकाशावर कंपासने वर्तुळं काढायची. वर्तुळ पूर्णपणे डांबरावर आलं, तर पूर्ण गुण. झाड कडेला असेल आणि काही सावली बाहेर पडत असेल, तर पाऊण, अर्धा किंवा पाव गुण. बेरीज पन्नास टक्क्यांवर गेली, की नकाशा मंजूर.

अठरा वर्षांनी, २००१ साली, तिथल्या वनसेवेच्या संशोधकांनी शहरातले पंधरा वाहनतळ निवडून प्रत्यक्ष सावली मोजली. ती निघाली १४ टक्के. त्यातलीही ४४ टक्के सावली पत्र्याच्या छपरांची होती. म्हणजे झाडांच्या वाट्याला जेमतेम ८ टक्के. सगळी झाडं पंधरा वर्षांची होतील तेव्हा आकडा २७ टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा अंदाज होता. नियमात पन्नास, प्रत्यक्षात त्याच्या निम्मे. आणखी एक निरीक्षण जाता जाता आलं, ते मला सर्वांत बोलकं वाटतं : ऐन गर्दीच्या वेळीही ३६ टक्के जागा रिकाम्या होत्या. गाड्यांसाठी गरजेपेक्षा जास्त डांबर ओतलं होतं आणि झाडांसाठी गरजेपेक्षा कमी माती सोडली होती.

हे सगळं सावरायचं तर शहरात १ लाख १६ हजार झाडं आणखी लावावी लागतील आणि त्याला अंदाजे दोन कोटी डॉलर लागतील, असं अभ्यासकांनी लिहिलं. आहे तेवढ्या सावलीचा शहराला वर्षाकाठी १८ लाख डॉलरचा फायदा होत होता, निम्मा भाग खरोखर झाकला असता तर तो ४० लाखांवर गेला असता. फायद्यात केवळ माणसांचा गारवा नव्हता. उन्हात तापलेल्या गाडीच्या टाकीतून आणि नळ्यांतून पेट्रोलची वाफ निसटते, ती हवेतल्या इतर वायूंबरोबर मिळून जमिनीलगतचा ओझोन बनवते, आणि दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो. डेव्हिसमध्ये केलेल्या मोजणीत झाडाखालच्या गाडीची टाकी दोन ते चार अंशांनी थंड होती, गाडीच्या आतलं तापमान तर २६ अंशांपर्यंत कमी, आणि डांबर २० अंशांपर्यंत. मात्र वाहनतळांवरची झाडांची सावली ८ वरून ५० टक्क्यांवर नेली, तरी साऱ्या जिल्ह्यातल्या मोटारींची ही वाफ दोनच टक्क्यांनी घटेल, असं याच अभ्यासकांनी सांगितलं. झाडं लावून हवा शुद्ध होईल, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा दोनचा आकडा लक्षात ठेवावा. झाडाचं खरं काम त्याच्या खाली उभं राहणाऱ्याला कळतं.

दोन घनमीटर माती

नकाशावरचं साडेदहा मीटरचं वर्तुळ प्रत्यक्षात का उमटलं नाही? काही झाडं मेली आणि त्यांच्या जागी दुसरी आली नाहीत. काही झाडांचे शेंडे दुकानाची पाटी दिसावी म्हणून छाटले जातात, हे तर आपल्यालाही परिचयाचं आहे. पण मुख्य कारण डोळ्यांना दिसत नाही, कारण ते डांबराखाली असतं.

वाहनतळ बांधताना आधी माती काढतात, मुरूम किंवा खडी टाकतात, रोलर फिरवतात. गाड्यांच्या वजनाने फरशी खचू नये म्हणून जमीन जितकी घट्ट दाबता येईल तितकी दाबतात. मुळांना नेमकं याच्या उलट हवं असतं. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या हव्यात, पोकळ्यांत थोडी हवा, थोडं पाणी. मुळं श्वास घेतात. दाबलेल्या मुरमात त्यांना प्राणवायू मिळत नाही, आणि टोकाला शिरायला वाटही नसते. झाडाची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरच्या थरात आडवी पसरतात. पानांच्या घेराबाहेर कितीतरी लांब जातात. वाहनतळावरच्या झाडाला मात्र दोन गाड्यांच्या रांगांमध्ये दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद चौकोन मिळतो. खोली एक मीटर धरली, तरी माती झाली सव्वादोन घनमीटर.

किती लागते? उद्यानशास्त्रज्ञांचा एक ढोबळ नियम आहे, की झाडाच्या सावलीच्या दर चौरस फुटामागे एक ते दोन घनफूट चांगली माती हवी. ८९ चौरस मीटर सावली देणाऱ्या झाडाला या हिशेबाने २७ ते ५४ घनमीटर माती लागेल. तीन ते पाच गाड्यांच्या जागेखाली मीटरभर खोल जेवढी माती मावेल तेवढी. आपण दिली सव्वादोन.

आता पाण्याचा हिशेब करू. सॅक्रामेंटोत ऐन उन्हाळ्यात हवा दिवसाला सुमारे ७ मिलिमीटर पाणी ओढून घेते. जमिनीतून आणि पानांतून मिळून जाणाऱ्या या पाण्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. मध्यम तहानेचं झाड याच्या साधारण निम्मं पाणी वापरतं. ८९ चौरस मीटरच्या झाडाला याप्रमाणे रोज ३०० लिटर लागले. मातीच्या आकारमानाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास पाणी मुळांना शोषता येतं, असं धरलं तर सव्वादोन घनमीटर मातीत साठा किती? तीनशे-साडेतीनशे लिटर. म्हणजे एका दिवसाचा. २७ घनमीटर माती असती, तर तेरा दिवस निघाले असते. ५४ असती, तर जवळजवळ महिना.

झाडाला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. पाणी संपायला आलं, की ते पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं. छिद्रं मिटली की पाण्याची वाफ थांबते, पण पानाचं अन्न बनवणंही थांबतं. वाढ खुंटते. मग पानं लहान येतात, कडा करपतात, ऑगस्टमध्येच गळू लागतात. पंधरा वर्षांत साडेदहा मीटरचा व्हायचा तो घेर चार-पाच मीटरवर अडतो. लोक म्हणतात, झाडाची जातच छोटी दिसते. जात नव्हे, कुंडी छोटी असते. जमिनीत पुरलेली, काठ न दिसणारी कुंडी.

यावर उपाय निघाले आहेत. कॉर्नेल विद्यापीठातल्या नीना बासूक आणि जेसन ग्राबोस्की यांनी नव्वदच्या दशकात एक मिश्रण तयार केलं : चार भाग खडी, एक भाग चिकणमाती, आणि माती खडीला चिकटून राहावी म्हणून किंचित पाणी धरणारा डिंकासारखा पदार्थ. रोलर फिरवल्यावर वजन खडीवर खडी पेलते आणि मधल्या फटींत माती मोकळी राहते. वर गाडी उभी राहते, खालून मूळ जातं. दुसरा मार्ग म्हणजे फरशीखाली मजबूत चौकटी बसवून त्यांच्या आत सैल माती भरायची. दोन्ही खर्चीक आहेत, आणि वाहनतळ बांधतानाच करावे लागतात. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त : गाड्यांच्या काही जागा कमी करायच्या आणि सुट्या चौकोनांऐवजी झाडांना एकच लांब, सलग पट्टा द्यायचा. म्हणजे एका झाडाची माती दुसऱ्याला वापरता येते. ऐन गर्दीत ३६ टक्के जागा रिकाम्या राहणाऱ्या शहराला हे जड जायला नको होतं.

हिरवळीचं पाणी, झाडाचं पाणी

आता गोष्टीतला दुसरा कायदा. कॅलिफोर्नियात २०१२ पासून सलग दुष्काळ पडला. १ एप्रिल २०१५ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश काढला. सगळ्यांचं लक्ष अर्थातच हिरवळीवर गेलं. घरांसमोरची, कार्यालयांसमोरची, रस्त्याच्या दुभाजकांतली, केवळ दिसायला ठेवलेली हिरवळ. तुषार बंद झाले. लोकांनी गवत पिवळं पडू दिलं आणि त्याचा अभिमानही मिरवला. योग्यच होतं ते.

पण त्याच हिरवळीत झाडं उभी होती. त्यांना स्वतंत्र पाणी कधी दिलंच नव्हतं. गवतासाठी रोज दहा मिनिटं उडणाऱ्या तुषारांतलं जे झिरपेल, त्यावर ती वाढली होती. असं उथळ पाणी मिळत राहिलं, की मुळंही उथळ राहतात. खाली जायचं त्यांना कारण नसतं. नळ बंद झाल्यावर गवत वाळलं आणि त्याच्या मागोमाग झाडांचे शेंडे वाळू लागले. किनाऱ्यावरच्या धुक्यात वाढणारी रेडवूडची उंच झाडं या कोरड्या खोऱ्यात हौसेने लावली होती, त्यांची अवस्था विशेष वाईट. गवत चार महिन्यांत पुन्हा उगवतं. तीस वर्षांची सावली परत यायला तीस वर्षं लागतात. पाणी वाचवा, पण झाडांना पाणी द्या, अशी दुहेरी मोहीम मग राज्याला चालवावी लागली.

त्याच वर्षी राज्याने बागांच्या पाण्याची आदर्श नियमावली बदलली. तिच्यातली काही कलमं मुद्दाम सांगतो, कारण सरकारी नियमात इतकी व्यवहारी भाषा क्वचित सापडते. प्रत्येक नव्या बागेला पाण्याचं वार्षिक अंदाजपत्रक. त्या गावची हवा वर्षाला जेवढं पाणी ओढते, त्याच्या ५५ टक्के घरगुती बागेला आणि ४५ टक्के दुकानं-कार्यालयांच्या बागेला, त्याहून जास्त नाही. सॅक्रामेंटोत वर्षाचं हे ओढणं सुमारे १३०० मिलिमीटर आहे, म्हणजे दुकानासमोरच्या शंभर चौरस मीटर बागेला वर्षाला ५८ हजार लिटरांच्या आसपास. दहा फुटांहून अरुंद पट्ट्यात पाणी बाहेर उडवणारे तुषार नकोत. मातीवर तीन इंच आच्छादन हवं. आणि शक्य तिथे झाडांच्या पाण्याचा व्हॉल्व्ह झुडपांच्या आणि गवताच्या व्हॉल्व्हपासून वेगळा असावा. मुळं पुढे कुठवर पसरतील, हे नळ टाकतानाच लक्षात घ्यावं.

वेगळा व्हॉल्व्ह. इतकी साधी गोष्ट, पण तिने हिरवळ तोडताना झाड मरणार नाही याची सोय केली. पुढे २०२३ साली राज्याने कार्यालयं, दुकानं आणि वसाहतींच्या सामाईक जागेतल्या निव्वळ शोभेच्या हिरवळीला पिण्याचं पाणी घालायला टप्प्याटप्प्याने बंदी करणारा कायदा केला. सरकारी जागांना ती २०२७ पासून, दुकानं-कारखान्यांना २०२८ पासून लागू होते. त्यात एक अपवाद स्पष्ट लिहिला आहे : झाडांच्या आरोग्यासाठी लागणारं पाणी देता येईल. १९८३ च्या नियमाने सावली मोजली होती आणि २०१५ च्या नियमाने पाणी. दोन्हींचा संबंध एका वाक्यात यायला चाळीस वर्षं लागली.

ॲरिझोनातल्या टूसॉनने आणखी एक पाऊल टाकलं. तिथे पाऊस वर्षाला तीनशे मिलिमीटर, आणि त्यातला साधारण निम्मा जुलै ते सप्टेंबर या पावसाळ्यात. तिथले लोक त्याला मान्सूनच म्हणतात. २००८ साली शहराने नियम केला, आणि तो जून २०१० पासून लागू झाला, की नव्या व्यापारी इमारतींनी आपल्या बागेला लागणाऱ्या पाण्यापैकी निम्मं पाणी पावसाचं साठवून भागवावं. टाक्या बांधल्या पाहिजेत असं नाही. वाहनतळ स्वतःच एक मोठं पाणलोट आहे. एका गाडीच्या जागेवर, साडेबारा चौरस मीटरवर, दहा मिलिमीटरची एक सर पडली, तर शंभरावर लिटर पाणी वाहून येतं. ते गटारात घालवायचं की झाडाला द्यायचं, हे काठाच्या उंचीवर ठरतं. नेहमीच्या वाहनतळात झाडाचा चौकोन डांबरापेक्षा वीतभर उंच, भोवती सिमेंटचा कठडा. टूसॉनमध्ये उलट : चौकोन खोलगट, आणि कठड्याला जागोजाग खाचा. ब्रॅड लँकेस्टर नावाच्या तिथल्या एका हौशी माणसाने रस्त्याकडेच्या कठड्याला अशी खाच परवानगी नसताना पाडली होती. पुढे शहराने तीच पद्धत अधिकृत केली. तिथे लावतात ते मेस्किट हे झाड आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. आपण जिला शिव्या घालतो, तिच्या बहिणीच्या सावलीत तिकडे लोक गाड्या लावतात.

आपल्याकडचं आळं

आपल्याकडे झाड तोडण्याचा कायदा जुना आहे, १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचं वय जेवढी वर्षं, तेवढी रोपं लावायची असं ठरलं. सहा ते आठ फुटांची रोपं, सात वर्षं निगा. हे चांगलं झालं. पण ही मोजणी झाडांची आणि वर्षांची आहे. साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात लावलेली साठ रोपं सव्वादोन घनमीटरच्या साठ खड्ड्यांत गेली, तर सॅक्रामेंटोच्या कंपासची वर्तुळं आपणही काढत बसलो असं होईल. दिल्लीत तर बुंध्याला भिडलेलं काँक्रीट काढा, हे सांगायला राष्ट्रीय हरित लवाद लागला. एप्रिल २०१३ च्या त्या आदेशाने बुंध्याभोवतीचं एक मीटर मोकळं करायला सांगितलं. एक मीटर त्रिज्या आणि मीटरभर खोली, म्हणजे तीन घनमीटर. बुंध्याचा गळा सुटला, पण पोट भरायला ते पुरत नाही.

आमच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी आवाराला पेव्हर ब्लॉक बसवले. जुन्या कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत नीट कापून बसवले, कंत्राटदाराने त्याचा फोटोही काढला. पहिल्या उन्हाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात वरच्या दोन फांद्या निष्पर्ण राहिल्या, आणि बैठकीत ठरलं की झाड जुनं झालं आहे, पडण्याआधी काढून टाकावं.

आपल्या हवामानात आणखी दोन अडचणी आहेत. सॅक्रामेंटोत उन्हाळा कोरडा असतो. इथे ऑक्टोबर ते मे असे आठ महिने कोरडे जातात आणि मग चार महिन्यांत सगळं पाणी एकदम येतं. खाच पाडलेलं खोलगट आळं या पावसाला उत्तम, पण काळ्या मातीत पाणी जिरत नाही. ती फुगते, पाणी धरून बसते, मुळं कुजतात. तिथे खाली मुरमाचा थर आणि जास्तीचं पाणी बाहेर जायला वाट ठेवावी लागते. शिवाय साचलेल्या पाण्यात डासांची अंडी आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढीचे डास होतात. म्हणून आळं दोन दिवसांत कोरडं झालंच पाहिजे, नाहीतर सावलीच्या बदल्यात डेंग्यू. गाड्यांचं ठिबकलेलं तेल पाण्याबरोबर येईल, ही शंका रास्त आहे. थोडं तेल आच्छादनातले आणि मातीतले सूक्ष्मजीव पचवतात. पण गॅरेजसमोरचं पाणी झाडाला देऊ नये.

मार्च ते जून कसं निभवायचं, याचं उत्तर कॅलिफोर्नियाच्या मोहिमेत होतं, आणि ते आपल्या आजोबांना ठाऊक होतं. कोवळ्या झाडाला बुडाला बारीक भोकं पाडलेली वीस लिटरची बादली, महिन्यातून दोन ते चार वेळा, पाणी हळूहळू झिरपेल अशी ठेवायची. आपल्याकडच्या तापीत, लातूर-नागपूरच्या मे महिन्यात, आठवड्याला दोनदा म्हणा. बादलीऐवजी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं, तर तेच काम आणखी कमी पाण्यात होतं. मोठ्या झाडाला महिन्यातून एक-दोनदा, पण भरपूर आणि सावकाश, आणि बुंध्याशी नव्हे. जिथे फांद्यांचं टोक संपतं, तिथे गोलाकार. पाणी पिणारी केशमुळं तिकडे असतात. म्हणून आळंही दरवर्षी बाहेर सरकवत न्यायचं असतं. वर पालापाचोळा हातभर अंतर बुंध्यापासून सोडून. तो जाळायला न्यायचा नसतो.

पाणी पुरलं की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची लोखंडी सळई घ्यावी आणि फांद्यांच्या टोकाखाली जमिनीत दाबावी. ओल असेल, तर ती सहज वीतभर आत जाते. कोरड्या मातीत चार बोटांवर अडते. पेव्हर ब्लॉक असेल, तर आधी तो उचलावा लागेल.